थोडी ढील दे!

"ताई, खालून काहीतरी वाजतंय गं."

मागे बसलेल्या मावसबहिणीने हे एकदा नाही, दोनदा सांगितलं. दोन्ही वेळा मी हेल्मेटच्या आतूनच ओरडले, "रस्ताच तसा आहे!" आणि बाइक दामटत राहिले. जुलैमधला रविवार, पावसाने नुकतीच उघडीप दिलेली, डोक्यात कर्नाळ्याचा हिरवागार सुळका आणि त्यानंतरची गरमागरम भजी. अशा वेळी चेनचा विचार कोण करतं, बॉस? पळस्पे फाटा मागे पडला. शिरढोण गेलं. (वासुदेव बळवंत फडक्यांचं जन्मगाव. दर वेळी थांबू म्हणते आणि दर वेळी भजीच जिंकतात.) खिंडीच्या अलीकडे एका खड्ड्यात मागचं चाक आपटलं आणि खट्ट! पुढच्या क्षणी ते चाक कोणीतरी बांधून टाकल्यासारखं जागच्या जागी अडकलं. बाइक तिरकी घसरत रस्त्याच्या कडेला गेली आणि थांबली. मागून येणाऱ्या ट्रेलरने मारलेला हॉर्न अजून कधीतरी झोपेत ऐकू येतो.

फार लागलं नाही. बहिणीचा गुडघा सोलवटला, माझ्या रेनकोटची बाही फाटली. वाकून बघितलं तर चेन मागच्या स्प्रॉकेटवरून, म्हणजे त्या दातेरी चक्रावरून उतरून चाक आणि चिमट्याच्या मध्ये रुतून बसली होती. (चिमटा म्हणजे मागचं चाक ज्या दोन लोखंडी हातांमध्ये धरलेलं असतं तो भाग. कंपनीच्या भाषेत स्विंगआर्म.) उरलेली चेन शिंप्याच्या गळ्यातल्या टेपसारखी लोंबत होती.

या कॉलममधून मी तुम्हाला हेल्मेट, रेनकोट, टायरची हवा अशा सगळ्या विषयांवर भरपूर ज्ञान पाजलंय. चेनवर मात्र आजवर एक अक्षर नाही. कारण सिंपल आहे. मला त्यातलं काही कळत नव्हतं.

आणि पनवेलमध्ये राहून हे कळत नसणं जरा लाजिरवाणंच आहे. बाहेरगावच्या मित्रांना वाटतं, पनवेलकरांची काय ऐश, सगळे मोठे रस्ते यांच्या दारातून जातात. जातात ना, पण आमच्यासाठी नाही! मुंबई-पुणे एक्स्प्रेसवे २००२ मध्ये पूर्ण खुला झाला, त्यावर टू-व्हीलरला बंदी. १२ जानेवारी २०२४ ला अटल सेतूचं उद्घाटन झालं, त्यावरही बंदी. आपल्या वाट्याला उरतात सायन-पनवेल, चौक-खोपोलीवरून जाणारा जुना पुणे हायवे आणि हा गोव्याचा रस्ता, ज्याच्या पळस्पे ते इंदापूर टप्प्याचं चौपदरीकरण २०११ मध्ये सुरू झालं आणि ज्याच्या खड्ड्यांवर आपण कितीतरी पावसाळे जोक्स मारत काढले. खड्डा, चिखल, पाणी, मागे पिलियन. चेनची परीक्षा घ्यायला आणखी काय लागतं?

असो. एका टेम्पोवाल्या दादांनी बाइक चढवून घेतली आणि आम्ही एका गॅरेजला पोचलो. कुठलं ते विचारू नका. तिथल्या मुलाने चेन बसवली, एक नट ढिला केला, दोन बाजूंचे बोल्ट सटासट फिरवले, नट पुन्हा आवळला आणि चेनवर टिचकी मारून म्हणाला, "एकदम टाइट केलीय ताई. आता जन्मात उतरणार नाही." पाच मिनिटांत काम खल्लास. खरंच सांगते, मला सॉलिड बरं वाटलं. टाइट म्हणजे सेफ. आपल्या डोक्यात हे समीकरण किती पक्कं बसलेलं असतं! बरणीचं झाकण, बुटाची लेस, नळाचा वायसर, सगळं टाइट हवं. मग चेनच कशी अपवाद असेल?

तीन आठवडे झाले. बेलापूरला इंटरव्ह्यूला जाताना बाइकमधून एक बारीक 'ऊंऽऽ' असा सूर यायला लागला. वेग वाढला की सूर चढायचा. मग एक दिवस पार्किंगमध्ये गाडीखाली ऑइलचे दोन थेंब दिसले, दुसऱ्या दिवशी चार. दुसऱ्या गॅरेजमध्ये उघडून बघितल्यावर निदान आलं: पुढचं स्प्रॉकेट ज्या शाफ्टवर बसतं, तिथला ऑइल सील गेलेला आणि आतलं बेअरिंगही घरघरत होतं. बिल बघून माझा त्या महिन्याचा एक अख्खा लेख गेला. सैल चेनने मला रस्त्यावर पाडलं होतं. टाइट चेन मात्र आवाज न करता इंजिनच खात बसली होती.

याचा उलगडा केला आमच्या बिल्डिंगमधल्या तळमजल्यावरच्या काकांनी. एसटीच्या वर्कशॉपमधून रिटायर झालेत. सोसायटीतल्या प्रत्येक गाडीच्या आवाजावरून तिच्या मालकाची लायकी ठरवतात. त्यांनी बसल्या बसल्या चेनला खालून बोट लावलं. चेन हललीच नाही. "ही चेन आहे की सतार?" काका म्हणाले. "मागे कोणाला बसवून बघितलंस?"

"बसवून? म्हणजे?"

मग त्यांनी मला आणि वॉचमनला बाइकवर बसायला लावलं. सस्पेन्शन दबलं, आणि आधीच ताठ असलेली चेन अशी काही ताणली गेली की तिच्यावर नख मारलं तर टणत्कार यावा.

फंडा असा आहे. इंजिनचं पुढचं स्प्रॉकेट आणि चिमट्याची बिजागरी, हे एकाच जागी नसतात. स्प्रॉकेट थोडं पुढे असतं, बिजागरी त्याच्या मागे. चाक खड्ड्यात वर-खाली होतं ते बिजागरीभोवती. त्यामुळे बाइक दबायला लागली की पुढच्या स्प्रॉकेटपासून मागच्या अ‍ॅक्सलपर्यंतचं अंतर वाढत जातं. स्प्रॉकेट, बिजागरी आणि अ‍ॅक्सल एका सरळ रेषेत आले की ते सगळ्यात जास्त होतं. बाइक उभी असताना चेनमध्ये जी ढील दिसते, ती या वाढीव अंतरासाठी राखून ठेवलेली असते. तुम्ही बसलात की तिच्यातली थोडी संपते. मागे कोणी बसलं की आणखी थोडी. त्यावर खड्डा आला की उरलेली. आणि ढील ठेवलेलीच नसेल तर? चेन काही रबर नाही. मग ती पुढे गिअरबॉक्सचं बेअरिंग ओढते आणि मागे चाकाचं.

तरीही माझ्या चेहऱ्यावर प्रश्नचिन्ह बघून काकांनी वर बोट दाखवलं. तिसऱ्या मजल्याच्या बाल्कनीत कपडे वाळत होते. "दोरी एकदम ताठ बांध आणि तिच्यावर भिजलेली चादर टाक. काय होतं?" आमच्या घरी हे दोन पावसाळ्यांपूर्वी झालंय. भिंतीतला हुक प्लास्टरसकट बाहेर आला होता. क्लिअर!

म्हणजे ही ढील आळशीपणाची नाही, मागे बसणाऱ्याची आहे. सोमवार ते शुक्रवार एकट्याने ऑफिसला जाणाऱ्या बाइकवर रविवारी आपण मैत्रीण, सॅक आणि दोन पाण्याच्या बाटल्या चढवतो, तेव्हाच सगळा हिशोब समोर येतो.

किती ढील ठेवायची? अंदाजपंचे नाही. बऱ्याच बाइक्सच्या चिमट्यावर किंवा चेन कव्हरवर स्टिकर असतो, नसेल तर मॅन्युअलमध्ये आकडा असतो. (ते प्लास्टिकच्या पिशवीत सीटखाली आहे. मी पैज लावते, तुम्ही ते उघडलेलं नाही.) साध्या कम्युटर बाइक्सना हा आकडा साधारण २० ते ३० किंवा २५ ते ३५ मिलिमीटर असतो. लांब सस्पेन्शनच्या अ‍ॅडव्हेंचर बाइक्सना त्याहून जास्त. मोजायचं कुठे? चेनच्या खालच्या लाइनीत, दोन्ही स्प्रॉकेट्सच्या बरोबर मध्ये. पट्टी उभी धरायची, चेन बोटाने वर ढकलायची, मग खाली दाबायची. दोन्हीतला फरक म्हणजे तुमची ढील. बाइक डबल स्टँडवर हवी की साइड स्टँडवर, हेही मॅन्युअल सांगतं. ते पाळा, कारण स्टँड बदलला की आकडा बदलतो.

एक मेख आहे. चेन सगळीकडे सारखी झिजत नाही. चाक हाताने थोडं थोडं फिरवत चार-पाच ठिकाणी मोजा. जिथे सगळ्यात ताठ लागेल तिथेच ढील सेट करायची. सैल जागेवर केलीत तर चाक अर्धा फेरा फिरल्यावर तीच चेन सतार होणार. माझ्या बाइकच्या दोन जागांमधला फरक बघून काका "हं" एवढंच म्हणाले. डॉक्टर रिपोर्ट बघताना म्हणतात, अगदी तसं.

मग एका शनिवारी संध्याकाळी सोसायटीच्या पार्किंगमध्ये आमचा वर्ग भरला. विद्यार्थिनी एक, प्रेक्षक सहा. हत्यारं म्हणाल तर बाइकच्या टूलकिटमधला पाना, एक मोठा रिंग पाना, पट्टी, मोजमापाची टेप, केरोसिन, जुना टूथब्रश आणि एक लांब दोरी. दोरी कशाला, ते मला शेवटपर्यंत कळलं नाही.

सुरुवात करण्यापूर्वी काकांनी डावा हात पुढे केला. त्यांची करंगळी अर्ध्यावरच संपते. मी इतकी वर्षं त्यांना ओळखते आणि कधी विचारलं नव्हतं. "एसटीत नाही गेली," ते म्हणाले. "घरी गेली. रविवारी. गाडी डबल स्टँडवर, इंजिन चालू, गिअरमध्ये. म्हटलं, चाक आपोआप फिरतंय तर फडक्याने चेन पुसून घेऊ. फडकं आत गेलं, मागून बोट." नंतर त्या विषयावर एक शब्द नाही. मी किल्ली काढून खिशात ठेवली. तुम्हीही ठेवा. चेनचं कुठलंही काम इंजिन बंद, गिअर न्यूट्रल, चाक हाताने फिरवायचं. यावर नो डिस्कशन.

अ‍ॅक्सलच्या टोकाला नट असतो, त्यात बऱ्याचदा स्प्लिट पिन. ती काढायची (परत लावताना नवीन, जुनी सरळ करून नाही) आणि नट ढिला करायचा. पूर्ण काढायचा नाही, नुसता चाक सरकेल इतपत. आपल्याकडच्या बऱ्याच कम्युटर बाइक्सना चेनच्या बाजूला आणखी एक मोठा स्लीव्ह नट असतो. तो विसरला तर एक बाजू सरकते, दुसरी अडते, आणि आपण उगाच बोल्टवर जोर काढत बसतो. मागे ड्रम ब्रेक असेल तर ब्रेकचा दांडा जिथे चिमट्याला जोडलाय तिथला नटही थोडा सैल करायचा.

मग चिमट्याच्या दोन्ही टोकांचे अ‍ॅडजस्टर. ते आवळले की चाक मागे सरकतं आणि चेन ताणली जाते. आठ एमएमच्या बोल्टचे आटे साधारण सव्वा मिलिमीटरच्या अंतराने असतात, म्हणजे नटाचा एक पूर्ण फेरा दिला की चाक तेवढंच मागे जातं. म्हणून पाव-पाव फेरा द्यायचा. डावीकडे पाव, उजवीकडे पाव, मोजा. पुन्हा पाव, पाव, मोजा. त्या गॅरेजमधल्या मुलाने किती फेरे दिले असतील हे आठवून मला आता घाम फुटतो. जुन्या बुलेटला बोल्टच्या जागी गोगलगायीच्या आकाराच्या खाचांच्या चकत्या असत, दोन्हीकडे खाचा मोजायच्या. पद्धत वेगळी, पण नियम तोच: जेवढं डावीकडे तेवढंच उजवीकडे.

हा नियम मोडला की काय होतं? चाक किंचित तिरकं बसतं. बाइक सरळ जाते, पण कुठेतरी ओढ लागते. टायर एका बाजूला झिजतो. चेन स्प्रॉकेटवर तिरपी चढते आणि दातांची एकच बाजू घासून चकचकीत होते. माझ्या मागच्या स्प्रॉकेटची डावी कड अगदी पॉलिश केल्यासारखी चमकत होती. मी ती स्वच्छतेची खूण समजत होते!

चिमट्यावर दोन्ही बाजूंना बारीक रेघा कोरलेल्या असतात, त्या जुळवल्या की काम झालं असं सगळे म्हणतात. काकांचा त्या रेघांवर विश्वास नाही. त्यांनी टेप काढली आणि चिमट्याच्या बिजागरीच्या मध्यापासून अ‍ॅक्सलच्या मध्यापर्यंत दोन्हीकडून मोजलं. रेघा जुळलेल्या, मोजमापात मात्र दोन मिलिमीटरचा फरक. माझी बाइक सेकंडहँड आहे, तिच्या पूर्वायुष्यात काय काय झालंय देव जाणे.

आणि मग दोरी आली. गवंडी विटांची रांग सरळ आहे का बघायला लावतात ना, तशी. जमिनीपासून वीतभर उंचीवर ती मागच्या टायरला मागून गुंडाळली आणि दोन्ही टोकं दोन्ही बाजूंनी पुढच्या चाकापर्यंत ताणून नेली. एक टोक माझ्याकडे, एक वॉचमनकडे. मागच्या टायरच्या पुढच्या कडेला दोरी नुसती टेकली पाहिजे, वळता कामा नये. हँडल सरळ. पुढचा टायर मागच्यापेक्षा अरुंद, म्हणून दोरी आणि पुढचं चाक यांच्यात फट राहते. ती दोन्ही बाजूंना सारखी असेल तर दोन्ही चाकं एका रेषेत. माझ्याकडे डावीकडे फट जवळजवळ नव्हतीच, उजवीकडे करंगळी जात होती. काकांची नाही, माझी. उजवा अ‍ॅडजस्टर किंचित, डावा किंचित, पुन्हा दोरी, पुन्हा टेप. वीस मिनिटं गेली. प्रेक्षकांपैकी चार जण क्रिकेट बघायला निघून गेले.

शेवटी चाक पायाने पुढे दाबून धरत अ‍ॅक्सलचा नट पक्का आवळला आणि ढील पुन्हा मोजली. हे करायलाच हवं, कारण नट आवळताना ढील बदलते. नंतर मागचा ब्रेक. चाक मागे सरकलं की ड्रम ब्रेकची सळईही ओढली जाते, पेडलचं प्ले कमी होतं आणि ब्रेक किंचित लागलेलाच राहतो. तो परत सेट केला, चाक मोकळं फिरतंय ना बघितलं, ब्रेक लाइट तपासला. मग चेन केरोसिनने धुतली. पेट्रोल नाही, आणि तारेचा ब्रश तर अजिबात नाही, कारण ओ-रिंगवाली चेन असेल तर आतलं ग्रीस धरून ठेवणारी रबरं त्याने जातात. फडक्याने पुसली आणि खालच्या लाइनीला आतून चेन ल्यूब मारलं. दर पाचशे किलोमीटरला, आणि तुफान पावसात भिजून आल्यावर कोरडी करून लगेच.

ज्या मंडळींची बाइक फक्त घर ते पनवेल स्टेशन इतकीच पळते, त्यांनी हसू नका. तीन किलोमीटर चालवून दिवसभर पावसात उभी राहणारी चेन, वापरातल्या चेनपेक्षा लवकर गंजते. मी परवा स्टेशनच्या पार्किंगमध्ये एका रांगेतल्या चेन्स बघत गेले. (लोकांनी माझ्याकडे चोरासारखं बघितलं.) निम्म्या तांबूस होत्या. १९९४ मध्ये आलेल्या हिरो होंडा स्प्लेंडरसारख्या बाइक्सची चेन पूर्ण कव्हरमध्ये असते, ती चिखलापासून वाचते. पण दिसत नाही म्हणून मालकाला तिचा पत्ताही नसतो. कव्हरला रबरी बूच असतं, ते काढून आत डोकावता येतं.

आता एक कडू बातमी. किती ढील सेट करायची यालाही हद्द आहे. चेन 'ताणली' जाते म्हणजे लोखंड लांबत नाही. तिच्या प्रत्येक जोडातली पिन आणि बुश कणाकणाने झिजतात, शंभरेक जोडांची ती झीज एकत्र होऊन चेन लांब होते. ही बुश-रोलर चेनची कल्पना मूळची हान्स रेनॉल्ड यांची, मँचेस्टर, १८८०. सायकलपासून सुपरबाइकपर्यंत मूळ रचना अजून तीच. टेस्ट सोपी आहे. मागच्या स्प्रॉकेटच्या अगदी मागच्या टोकाला चेन चिमटीत धरून मागे ओढा. निम्मा दात उघडा पडला तर अ‍ॅडजस्टर फिरवून उपयोग नाही. दात शार्कच्या पंखासारखे वाकडे झाले असतील तरीही नाही. चेन आणि दोन्ही स्प्रॉकेट्स एकत्र बदला. नुसती चेन बदलली तर जुने दात नव्या चेनला आपल्यासारखी करून टाकतात. माझा पूर्ण सेट बदलावा लागला. नव्या चेनचं लॉक क्लिपचं होतं. क्लिपचं बंद तोंड चेन ज्या दिशेने धावते त्या दिशेला हवं. उलटं बसलं तर कशाला तरी घासून क्लिप निघू शकते. काकांनी ते तीनदा बघितलं.

पुढच्या रविवारी मावसबहीण आली, गुडघ्यावरची खपली मिरवत. निघताना काकांनी आम्हा दोघींना सॅकसकट बाइकवर बसवलं, स्वतः खाली वाकले आणि चेन बोटाने वर ढकलली.

"आहे," ते म्हणाले.

"किती?"

"तुम्ही दोघी आणि एक खड्डा. निघा."

पळस्प्याच्या पुढे गेल्यावर मागून आवाज आला, "ताई, काहीतरी वाजतंय." या वेळी मी इंडिकेटर देऊन ताबडतोब कडेला घेतलं, किल्ली काढली, खाली वाकले. चेन जागेवर होती. बहिणीच्या सॅकचं बक्कल नंबर प्लेटवर आपटत होतं. ते तिने आत खोचलं. समोर शिरढोणची पाटी होती. थांबलोच आहोत, तर म्हटलं फडक्यांचं घर बघून घेऊ. भजी काय, पळून जात नाहीत.